पान्हा सुटेपर्यंत

आज घोडेगावात शेजारच्या गोठ्यातून भिजवलेल्या पेंडीचा वास आला आणि निरगुडसरजवळचं ते घर आठवलं. वडिलांचे आवडते बंदिशकार तिथं राहत असत. घशाच्या ऑपरेशननंतर वडिलांचं गाणं थांबलं होतं. त्या बंदिशकारांची एक बंदिश त्यांच्याच खोलीत एकदा म्हणायची, एवढीच वडिलांची इच्छा उरली होती.

मी वडिलांना तिथं घेऊन गेलो, तेव्हा त्या खोलीचा गोठा झाला होता. घरमालकीणबाई म्हशीची धार काढायला बसल्या होत्या.

"हळू म्हणा, आबा. परकं माणूस दिसलं की पान्हा चोरती ही. लई हट्टी हाय."

वडिलांनी खर्जात सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला आणि ते गप्प झाले.

"थांबलात का? आत्ता कुठं पान्हा सोडलाय तिनं. म्हणा की!"

तेव्हा मला हसू आलं होतं. आज वाटतं, एवढी खरी दाद त्यांना कुठल्याच बैठकीत मिळाली नसेल. चरवी भरेपर्यंत वडील गात राहिले.