देवरावभाऊंनी दगड सोडले नव्हते

ही गोष्ट सांगायचं मी बारा वर्षं टाळलं. आता सत्तरी ओलांडली. आणखी टाळलं तर ती माझ्याबरोबरच जाईल आणि दारव्ह्याच्या ट्रक-स्टँडवर देवरावभाऊंचं नाव ‘दगडवाला’ असंच राहील.

भाऊ बोरी अरबचे. एकाच मालकाचा ट्रक आम्ही दोघं आळीपाळीनं चालवायचो, पण गाडी त्यांच्या ताब्यात असे. बंद पडलेल्या गाडीमागे ड्रायव्हर दगड मांडतात, मागून येणाऱ्यांना दिसावं म्हणून. गाडी सुरू झाली की बरेचजण दगड तिथेच टाकून निघून जातात. असे दुसऱ्यांचे दगड दिसले की भाऊ ट्रक बाजूला लावून उतरत आणि एकेक उचलून कडेला नेत. कोणीतरी ओरडे, "काय भाऊ, घर बांधून राह्यले काय?"

"तुह्या पोराची मोटरसायकल इथूनच येते ना बाबा?" भाऊ विचारत.

निघण्याआधी ते गाडीभोवती एक फेरी मारत, प्रत्येक चाकावर हात ठेवत. "म्हशीले रोज पाह्यतो ना आपण? मंग इले काहून नाई?" माझे डोळे मिटायला लागले की ते गाडी थांबवायलाच लावत. "झोप आली हे सांगाले लाज कायची? सरक तिकडं."

त्या दिवशी कापसाच्या गाठी भरून आम्ही पांढरकवड्याकडे निघालो होतो. वाटेत एका चहाच्या टपरीजवळ टायर बसलं. मी मागे पाच दगड मांडले. चाक बदलेपर्यंत दिवस मावळला. भाऊ स्टेअरिंगवर बसले आणि मला म्हणाले, "दगडं उचल, मंग चढ."

पाठ भरून आली होती. मी दोन उचलले, तीन राहू दिले.

"उचलले काय?"

"उचलले."

"सारे?"

"सारे, भाऊ. शपथ घेऊ काय?"

ट्रक निघाला. मी आरशात बघत राहिलो. मागे नुसता अंधार. चार-पाच किलोमीटर गेल्यावर भाऊंनी वेग कमी केला. "काहून घडीघडी मागं पाहून राह्यला? काही राह्यलं काय? सांग, अजूनबी वळवतो."

‘वळवा’, एवढंच म्हणायचं होतं.

"काई नाई राह्यलं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मालकानं दोघांना बोलावलं. शेतातून घरी निघालेला एक माणूस मोटरसायकलसह त्या दगडांवर आदळला होता. जीव वाचला, पाय गुडघ्यातून गेला. जवळच्या चहावाल्यानं आमच्या गाडीचा नंबर सांगितला होता.

"दगड कोणी सोडले?" मालकानं विचारलं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे बघत होतो.

"गाडी माह्या ताब्यात होती," ते शेवटी म्हणाले. "दगडं माह्येच."

मालकानं चावी त्यांच्याकडून घेतली आणि माझ्यापुढे धरली. मी ती घेतली. त्यानंतर भाऊंना कोणीच गाडी दिली नाही. आयुष्यभर ज्यानं इतरांचे दगड उचलले, त्यालाच लोक ‘दगडवाला’ म्हणू लागले. स्टँडवर लोक त्यांना हसत तेव्हा मीही तिथे उभा असे.

दोन वर्षांनी, आज सांगायचंच असं ठरवून, मी ट्रक घेऊन त्यांच्या दारात गेलो. तिथे उतार आहे, म्हणून चाकाखाली दगड लावला. "आले काय गाडीवाले?" वहिनी कोरडेपणानं म्हणाल्या आणि चहा ठेवून आत गेल्या. भाऊंनी टायरांची चौकशी केली, ब्रेकची केली. मी दोनदा तोंड उघडलं.

"च्या थंडा होऊन राह्यला," ते म्हणाले.

मी चहा संपवला आणि उठलो. ट्रक सुरू करून थोडा पुढे घेतला, तर आरशात भाऊ दिसले. कंबरेवर हात ठेवून ते वाकले, माझा दगड उचलला आणि कुंपणापाशी नेऊन ठेवला. ब्रेक माझ्या पायाखालीच होता. मी गिअर टाकला.

मागच्या हिवाळ्यात भाऊ गेले. त्या ब्रेकवर पाय देऊन, खाली उतरून मला एवढंच म्हणायचं होतं:

भाऊ, म्या दोनच उचलले होते. तीन राह्यले ते माह्ये होते. मले माफ करा.