आभाराची तेवीस कार्डं

लेन प्रीसला कुणी धक्का दिला तर सॉरी तोच म्हणायचा. एकदा स्टोकहोपच्या पोस्टासमोरच्या बाकावर त्याचा गुडघा आपटला, तर त्यानं बाकाची माफी मागितली. ही गोष्ट गावाला वीस वर्षं हसायला पुरली. खरी की खोटी, कुणी विचारलं नाही, कारण लेनला ओळखणाऱ्या माणसाला ती खरीच वाटायची.

एकतीस वर्षं त्यानं टपाल वाटलं, तेही सायकलवरून. इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या त्या टेकड्यांत एक वाट सरळ जाईल तर शपथ. जंगलात शिरते, ओढ्यात उतरते, मेंढ्यांच्या कुरणातून वर चढते आणि शेवटी कुणाच्या तरी फाटकाशी येऊन थांबते. लेनला सगळी फाटकं पाठ होती. म्हणून गावच्या सायकल क्लबसाठी वाटा आखायचं काम त्याच्याकडं आलं. क्लबच्या जाड टायरांच्या सायकलींना आता ग्रॅव्हल बाइक म्हणतात. लेननं सुरुवात केली तेव्हा त्यांना नावही नव्हतं, नुसता चिखल होता. नकाशावर तांबड्या पेन्सिलीची रेघ, आणि खाली पोस्टमनच्या बारीक अक्षरात सूचना: ‘कडी जड आहे, उचलून लावा. मेंढ्या व्यायल्या असतील तर उतरून चाला. उतारावर बीचच्या झाडांची ओली पानं आहेत, ब्रेक जपून.’

त्याची सगळ्यात लाडकी वाट विथी डिंगलची. गावामागच्या दरीतल्या जंगलातून ती तीन मैल जाते आणि थेट पलीकडच्या माळावर काढते. ती टाळायची तर एकच रस्ता उरतो, खाणीचा. अरुंद, दोन्ही बाजूंना उंच दरडी, आणि दगड भरलेल्या लॉऱ्या वळणावर हॉर्नसुद्धा देत नाहीत.

डिंगल, म्हणजे ती झाडीची दरी, होती म्हाताऱ्या मिसेस हेस्केथ यांची. पहिल्या वर्षी त्यांनी फाटकाशी सायकली पाहिल्या आणि हात हलवला, एवढंच. पण लेनच्या आईनं त्याला दुसऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवला तर निदान आभार मानावेत, असं वाढवलं होतं. त्यामुळं दर नव्या वर्षी तो डॅमसनच्या आंबट फळांच्या जॅमची बाटली आणि एक कार्ड त्यांच्या दाराशी ठेवू लागला. अशी तेवीस वर्षं गेली.

सहा वर्षांपूर्वी क्लाइव्ह गॉफ त्याच्या स्वयंपाकघरात एक कागद घेऊन आला. क्लाइव्ह क्लबचा सेक्रेटरी, लेनचा जुना मित्र, आणि बोलण्यात लेनच्या अगदी उलटा.

“बाईची एक सही हवी,” तो म्हणाला. “एक सही, की वाट कायमची लोकांची, सरकारी नकाशावर. तुझ्यावर जीव आहे तिचा. तू घेऊन जा.”

“अरे, ऐंशीच्या पुढं गेलीय ती. तिच्यापुढं असला कागद ठेवायचा? म्हणजे तोंडावर सांगायचं की बाई, तुमचे आता थोडेच दिवस उरलेत.”

“मग उरलेत ना थोडेच!”

“क्लाइव्ह, बरं नाही दिसत रे. ती जाऊ देतेय की आपल्याला.”

“तुला बरं दिसण्यापायी एक दिवस सगळे बोंबलत बसू,” असं म्हणून क्लाइव्हनं कागद परत पिशवीत कोंबला. चहा मात्र दोन कप प्यायला.

दोन वर्षांनी मिसेस हेस्केथ गेल्या. घर, सामान, जंगल, सगळं डेकर नावाच्या एका पैसेवाल्यानं घेतलं, आणि महिन्याभरात डिंगलच्या फाटकाला साखळी आली. क्लब खाणीच्या रस्त्यानं जाऊ लागला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत दुसऱ्या वळणावर क्लाइव्ह लॉरीखाली गेला. लेन त्याच्या मागं चाळीस हातांवर होता. त्यानं काय पाहिलं ते त्यानं पोलिसांना सांगितलं, नंतर कुणाला नाही.

क्लाइव्हची बायको मॉरीन रडत बसणारी नव्हती. तिनं वर्षभर कायदा वाचला आणि एका सकाळी लेनच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा आपटला.

“ऐक. वीस वर्षं लोक एखादी वाट उघडपणे, कुणाला न विचारता, बापाची असल्यासारखी वापरत असतील, तर ती वाट लोकांची होते. मालकानं परवानगी देऊन जाऊ दिलं असेल तर मात्र नाही होत. कळलं? तुझ्याइतकी वर्षं कुणीच गेलेलं नाही. सगळं तुझ्या साक्षीवर आहे.”

“मी येईन,” लेन म्हणाला.

“नुसता येऊ नकोस. त्या रस्त्यावर आणखी एक प्रेत मला बघायचं नाही.”

तिनं भरायला दिलेल्या साक्षीच्या अर्जात प्रश्न होता: परवानगी कधी मागितली होती का? लेनची पेन्सिल तिथं अडली. मागितली तर कधीच नव्हती. आभार मानले होते. पण आभार म्हणजे काही मागणं नव्हे. त्यानं ‘नाही’वर खूण केली. खोटं लिहिलं असं त्याला वाटलं नाही, तरी आतून काहीतरी टोचत राहिलं. मॉरीनला कार्डांचं सांगावं असं त्याला दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा तिचा चेहरा बघून तो गप्प बसला. माणूस सभ्य असला की भित्रा असल्याचं लवकर कळत नाही, त्याला स्वतःलासुद्धा.

नोव्हेंबरात गावच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. सरकारी निरीक्षक, डेकरची वकीलबाई, घडीच्या खुर्च्यांवर सगळा क्लब, आणि पहिल्या रांगेत मॉरीन, क्लाइव्हचं सायकलचं जाकीट घालून. लेननं वाटेचं वर्णन असं केलं की निरीक्षकानं लिहिणं थांबवून ऐकलं. कुठं खडी, कुठं मुळं, कुठं एप्रिलमध्ये जमीन निळ्या फुलांनी झाकते. मॉरीनच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं.

मग वकीलबाई उठली. तिनं टेबलावर बुटांचा एक खोका ठेवला. खोक्यात रिबिनीनं बांधलेली कार्डं होती. म्हातारीनं एकही फेकलं नव्हतं.

“हे अक्षर तुमचं, मिस्टर प्रीस?”

“हो.”

“वाचता का जरा?”

लेननं चष्मा लावला. “‘प्रिय मिसेस हेस्केथ, यंदाही आम्हाला डिंगलमधून जाऊ दिल्याबद्दल क्लबतर्फे मनापासून आभार. तुमचा, लेन प्रीस.’”

“अशी तेवीस आहेत. एका वर्षी त्या नको म्हणाल्या असत्या, तर?”

हॉलमध्ये चहाचं भांडं तेवढं गुरगुरत होतं. लेनला ठाऊक होतं काय म्हणायचं ते. ‘तरी गेलो असतो,’ एवढंच. तीन शब्द होते. मॉरीन त्याच्याकडं एकटक बघत होती, आणि तिचे ओठ जवळजवळ ते शब्द म्हणत होते.

“तर गेलो नसतो,” लेन म्हणाला.

“तुम्ही एकटे?”

“कुणीच नाही. मी वाटच आखली नसती.”

“एवढंच विचारायचं होतं.”

“थँक्यू,” लेन म्हणाला. सवयीनं निघून गेलं तोंडातून. कुणी हसलं नाही.

जानेवारीत निकाल आला: वाट मालकाच्या मेहेरबानीनं चालू होती, सबब लोकांचा हक्क नाही. मॉरीन भांडायला येईल म्हणून लेन आठवडाभर घरी थांबला. शिव्या खायची त्याची तयारी होती, खरं तर त्याला त्या हव्या होत्या. ती आली नाही. आलं ते टपाल.

पाकिटात एक कार्ड होतं, वर रॉबिन पक्ष्याचं चित्र. ‘प्रिय लेन, कपाट आवरताना सोबतचा कागद सापडला. इतक्या वर्षांच्या सगळ्यासाठी आभार. मॉरीन.’ सोबत तो सहा वर्षांपूर्वीचा कागद, चौघडी केलेला. क्लाइव्हनं सगळं भरून ठेवलं होतं: वाटेचं नाव, लांबी, तारीख. मिसेस हेस्केथच्या सहीची जागा कोरी. तिच्याखाली, ‘साक्षीदार’ या शब्दापुढं, क्लाइव्हच्या गिचमिड अक्षरात ‘लेन प्रीस’, आणि त्यापुढं सहीची जागाही कोरी.

सुंदर अक्षरातल्या दोन ओळींनी माणूस किती खोल कापता येतो हे एकतीस वर्षं टपाल वाटून लेनला कळलं नव्हतं. उत्तर द्यायला हवं म्हणून त्यानं खणातून कोरं कार्ड काढलं, ‘प्रिय मॉरीन’ लिहिलं, आणि दुपारचा चहा गार पडेपर्यंत त्याच्यापुढं बसून राहिला. मग कार्ड शेगडीत टाकलं.

रविवारची वाट आखायची राहिली होती. त्यानं नकाशा पसरला, तांबडी पेन्सिल घेतली आणि चर्चपासून रेघ ओढली, ओढा, कुरण, डिंगलच्या फाटकापर्यंत. तिथून डावीकडं, खाणीच्या रस्त्याकडं, हात वळेना. त्यानं रेघ फाटकाशीच थांबवली आणि खाली आपल्या त्याच बारीक अक्षरात सूचना लिहिली:

‘इथून पुढं वाट नाही. घरी परत जा. कारण: लेन प्रीस.’