अठरा किलोमीटरचा हुरडा

चाळिशी ओलांडली की आमच्याकडचा नोकरदार माणूस अध्यात्माला लागतो, प्लॉटिंगला लागतो, नाहीतर पतसंस्थेच्या निवडणुकीला उभा राहतो. मला तिन्हींचा कंटाळा होता, म्हणून मी पळायला लागलो. दोन हजार सालाच्या आसपासची ही गोष्ट. जालन्यातल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. रद्दीत काढायच्या गठ्ठ्यात एकदा एक पातळ पुस्तक हाती लागलं. लांबच्या शर्यती साध्या माणसानं कशा पुऱ्या कराव्यात, असा त्याचा विषय. युक्ती सोपी होती. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, की पुन्हा चार मिनिटं पळायचं. दमल्यावर नाही, दमायच्या आधीच चालायचं. मला हे फारच पटलं. तोवरच्या आयुष्यात विश्रांती आधी घे, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी पुण्यात एकवीस किलोमीटरची शर्यत होती. मी नाव नोंदवलं आणि सोळा आठवड्यांचं वेळापत्रक फुलस्केपवर आखून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलं. बायकोनं ते वाचलं आणि एवढंच विचारलं, “अहो, यात गव्हाचं दळण कुठल्या वारी आहे?”

जालन्यात तेव्हा कारण नसताना पळणारा माणूस म्हणजे एकतर पोलीसभरतीचा उमेदवार किंवा ज्याच्या मागे कुत्रं लागलंय असा. मी पळत असेपर्यंत लोक नुसते बघत. चालायचं मिनिट आलं की त्यांना माझी कीव येई. मोती तलावाच्या रस्त्यावर एक ओळखीचे गृहस्थ रोज स्कूटर हळू करत.

“सर, दम भरला का? बसा मागं, सोडतो.”

“दम नाही भरला. एक मिनिट चालायचंच असतं.”

“मंग ते एक मिनिट गाडीवर बसा की.”

तोवर मिनिट संपायचं आणि मी पळायला लागायचो.

खरी अडचण रविवारची होती. आमच्या घरी रविवार सकाळचा स्वयंपाक बंद असे. मी सायकलवर जुन्या जालन्यात जाऊन गरम भजी आणि जिलेबी आणायची, बायकोनं फक्त चहा टाकायचा आणि चौघांनी जमिनीवर कागद पसरून खायचं, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आता रविवार लांब पळण्याचा झाला. जिलेबी शनिवारी संध्याकाळी हलवली, तर आदल्या दिवशी तळकट खाऊ नये असं पुस्तकात निघालं. सोमवारी नको, कारण सोमवारी अंग दुखे. असं करत करत जिलेबी बुधवारी आली. दोन बुधवार मुलांनी मुकाट्यानं खाल्ली. तिसऱ्या बुधवारी दहावीतली मुलगी म्हणाली, “बाबा, बुधवारी जिलेबी खाताना कुणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखं वाटतं.” मी हसलो. पुढच्या बुधवारी जिलेबी आणली नाही. कुणी आठवण केली नाही, आणि हा प्रश्न सुटला असं मी समजलो.

पण वेळापत्रकात एक रविवार असा होता की तो हलवता येत नव्हता, आणि मला ते कळत असूनही मी तो हलवला.

माझी थोरली बहीण राजूरच्या रस्त्याला, जालन्यापासून अठरा किलोमीटरवर दिलेली. आईवडील गेल्यावर तिला माहेर म्हणून उरलो तो मी एकटा, तोही जालन्यात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात. तिथं येऊन ती राहणार किती? म्हणून उलटंच ठरून गेलं होतं. दर हिवाळ्यात एका रविवारी आम्ही चौघांनी तिच्या शेतावर हुरडा खायला जायचं. विहिरीलगत ती एक अरुंद पट्टी हुरड्याच्या ज्वारीची पेरून घेई. तिचा नियम असा की माझ्या हातावर पहिली मूठ पडेपर्यंत त्या पट्टीतलं कणीस घरच्यांनीही तोडायचं नाही. गल्लीतल्या बायकांना ती सांगे, “माझ्या भावाची पट्टी हाये ती.”

त्या सालच्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर तिनं मला बाजूला घेतलं.

“भाऊ, तुझे दाजी सगळ्या रानात मोसंबी लावून राह्यले. पट्टी पण मागतेत. म्हणतेत, एका सकाळसाठी विहिरीजवळचं रान अडवून ठेवायचं का?”

“मग?”

“मंग काय. मी म्हणलं, यंदा पेरू द्या. माझा भाऊ बराबर येतो. न्हाई आला तर पुढच्या साली खुशाल लावा मोसंबी.”

हे तिनं हसत सांगितलं. मीही हसत म्हणालो, “येणार की. कुठं जातोय?”

हुरड्याच्या दाण्याला आठ-दहा दिवसांचं वय असतं. त्याआधी तो दुधासारखा ओघळतो, त्यानंतर त्याची ज्वारी होते. जानेवारीच्या सुरुवातीला शुक्रवारी बहिणीचा फोन आला. गावातल्या एकुलत्या एक फोनवरून ती बोलायची, त्यामुळं ओरडून बोलायची.

“दाणा भरला भाऊ! परवा रविवारी या सगळे. गोवऱ्या काढून ठेवल्या.”

मी दारामागच्या वेळापत्रकाकडं बघितलं. परवाच्या चौकोनात सोळा किलोमीटर लिहिलं होतं.

“पुढच्या रविवारी आलो तर?”

मग ती म्हणाली, “ये की. पुढच्या रविवारी ये. मी ठेवते.”

मी शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस. दाणा कुणी ठेवत नसतं, हे मला माहीत होतं. तरी मी “बरं” म्हणालो आणि त्या रविवारी सोळा किलोमीटर पळालो. चांगला पळालो, हेही सांगायला हवं.

पुढच्या रविवारच्या चौकोनात अठरा होते. बहिणीचं गाव अठरावर. मला हा योगायोग न वाटता स्वतःची हुशारी वाटली. घरच्यांनी आठच्या बसनं यायचं, मी सव्वासहाला निघून पळत-चालत नऊला शेतावर. पळणंही झालं, हुरडाही झाला. बायकोला योजना सांगितली तेव्हा ती टॉवेल घडी करत होती.

“आणि उशीर झाला तर?”

“होत नाही. हिशेब केलाय.”

“मग ताईंना सांगून ठेवा, थांबू नका म्हणून.”

“कशाला? नऊला पोचतोय ना.”

राजूरला मोठा गणपती आहे आणि चतुर्थीला जालन्याहून माणसं त्या रस्त्यानं चालत जातात. हे माझ्या हिशेबात नव्हतं. रस्त्यावर चालताना दिसलेला माणूस गणपतीलाच चाललाय, अशी त्या रस्त्याची ठाम समजूत. गाव सोडून पाच किलोमीटर होईपर्यंत तीन जीपवाल्यांनी मला सांगितलं, “काका, चतुर्थी आज न्हाई.” एका म्हातारबांनी हात जोडून विचारलं, “नवस कशाचा हाये?” मी म्हणालो, “कशाचाच नाही.” ते म्हणाले, “सांगू नये, बराबर हाये.” आठव्या किलोमीटरला आमच्या कॉलेजातला एक जुना विद्यार्थी चहाची टपरी टाकून बसला होता. त्यानं मला पाणी दिलं, चहा दिला, माझ्यासमोर दोन गिऱ्हाइकांना माझी ओळख करून दिली आणि “सर पळत आले” हे वाक्य चार वेळा म्हटलं. मला त्याचं थोडं बरं वाटलं. मी बसलो. उठलो तेव्हा पोटऱ्या धरल्या होत्या. तिथून पुढं चार मिनिटं चालणं आणि एक मिनिट पळणं, असा उलटा प्रकार सुरू झाला.

शेताच्या बांधावर पोचलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते.

आगटीभोवती सगळे बसलेले. आगटी म्हणजे हुरडा भाजायचा खड्डा. त्यातल्या गोवऱ्यांची राख झाली होती आणि बहीण दुसऱ्यांदा गोवऱ्या घालून फुंकत होती. समोर चटणी, गूळ, दह्याचं गाडगं, सगळं झाकलेलं. कुणीही काही खाल्लं नव्हतं. माझी मुलं भुकेनं गप्प झाली होती. बायको माझ्याकडं न बघता दह्यावरचं फडकं नीट करत होती.

दाजी उभे राहिले. “पाव्हणे, बस बंद पडली का?”

“बंद कशानं पडंल?” बहीण माझ्या आधी बोलली. “मुद्दाम पळत आला तो. पुण्याला शर्यत हाये त्याची. उगं कुणी बी घेतेत का तिथं?”

“मला काय माहीत. मी आपला बसचा टाईम बघून राह्यलो.”

मग मी पट्टीकडं बघितलं. दाणा केव्हाच पुढं गेला होता, पट्टी वाळून पांढुरकी दिसत होती. पण मधूनमधून ज्वारीच्या काही ताटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. ज्वारीला मागून फुटवे येतात, त्यांची कणसं उशिरा भरतात. आठवडाभर रोज संध्याकाळी येऊन तिनं एकेक कणीस नखानं दाबून बघितलं होतं, जे अजून कोवळं निघालं त्याला खूण बांधली होती. हे दाजींनी सांगितलं. “तुमची बहीण आठ दिवस ज्वारीला चिंध्या बांधून राह्यली,” ते म्हणाले. “लोक विचारून राह्यले, बाहेरचं काही हाये का म्हणून.”

तिनं ती कणसं आगटीत खुपसली, भाजली आणि तळहातावर चोळली. गरम कणीस चोळताना हात पोळतात. त्यासाठी काही जण फडकं घेतात, तिनं कधी घेतलं नाही. फुंकर मारून कुसं उडवली आणि पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली. हिरवे, वाफाळलेले दाणे. सगळे माझ्याकडं बघत होते, कारण मी खाल्ल्याशिवाय त्यांना मिळणार नव्हतं.

मी ती मूठ खाल्ली. दुसरी घेतली, पण ती पोटात ठरेना. लांब पळाल्यावर तासभर काही खाऊ नये. हे पुस्तकात ठळक अक्षरात होतं आणि हिशेबात मी तेवढंच विसरलो होतो. मी उठून बांधाच्या पलीकडं गेलो. परत आलो तेव्हा बहीण तांब्या घेऊन उभी होती.

“जरा वेळानं खातो,” मी म्हणालो.

“हां. जरा वेळानं खा. घाई न्हाई.”

मुलांनी खाल्लं, बायकोनं खाल्लं. बहीण प्रत्येक वेळी चोळलेल्या कणसातले दोन-दोन घास माझ्यासाठी पळसाच्या पानावर काढून ठेवत गेली. गार झालेला हुरडा रबरासारखा होतो. मी पाऊण तासानं त्यातले चार दाणे तोंडात टाकले आणि चावत राहिलो. “छान आहे,” म्हणालो. ती म्हणाली, “मागल्या रविवारी खायचा होता भाऊ. लई गोड होता म्हणतेत.” म्हणतेत. म्हणजे शेजारच्या रानातला. तिनं स्वतः आपल्या पट्टीतला एक दाणाही खाल्ला नव्हता. दाजींनी उरलेली कणसं गोळा करून बैलांपुढं टाकली. ते रागानं नव्हे, उरलेलं बैलांना टाकतातच.

दोनच्या बसनं आम्ही परतलो. मी बसमध्ये झोपलो.

शर्यत मी पुरी केली. कॉलेजात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि एका निवृत्त कर्मचाऱ्याचाही त्याच शालींच्या गठ्ठ्यातून सत्कार. अध्यक्ष पंचवीस मिनिटं बोलले. पाच वेळा चार मिनिटं पळाले आणि पाच वेळा एक मिनिट चालले, असं मी मनात मोजलं. मराठवाड्याच्या मातीतच चिकाटी असते, असं त्यांनी सांगितलं. मातीचा विषय निघाला तेव्हा मी खाली बघत होतो. लोकांना तो विनय वाटला.

पुढच्या दसऱ्याला मी गावच्या फोनवर बहिणीला बोलावून घेतलं. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, “पट्टी पेरली का?”

“खड्डे घेतले रे. मोसंबी लावली.” मग घाईघाईनं, “चांगलंच झालं. ज्वारीत काय राह्यलंय? आन् तुझा रविवार पण मोकळा झाला, आता निवांत पळ.”

मी टोमण्याची वाट बघितली. टोमणा असता तर काही बोलता आलं असतं. ती खरंच माझ्या पळण्याची काळजी करत होती.

पळणं मी उन्हाळ्यातच सोडलं होतं. ते तिला सांगितलं नाही.

जानेवारीत एका रविवारी मी एकटाच बसनं तिच्याकडं गेलो. मुलगी अभ्यासात होती, मुलाची मॅच होती, बायको म्हणाली, तुम्ही जाऊन या. बहीण अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि आधी माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं, आणखी कुणी आहे का ते.

“एकटाच? सगळे बरे हायेत ना घरी?”

“बरे आहेत.”

“मंग काय काम काढलं भाऊ?”

“काही नाही. सहज.”

वर्षानुवर्षं जानेवारीत मी त्या अंगणात यायचो आणि काय काम काढलं, असं तिनं कधी विचारलं नव्हतं. तिनं पदराला हात पुसले, घरात पाहुण्यांसाठी ठेवलेली लोखंडी खुर्ची होती ती बाहेर आणली, झटकली आणि मला बसायला दिली.