बॉयलरचा अग्नी आणि आक्काचं म्हणणं

साचलेल्या बगॅसच्या ढिगाला एक आंबूस, गोडसर वास असतो. ऊस पिळून उरलेला तो भुसा हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात वाफाळू लागला, की वास शालीत उतरतो, केसांत उतरतो, सकाळच्या चहातसुद्धा उतरतो. कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या थोरल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून माझी त्याची सवय मोडली होती. यंदा थंडीत सासरच्या गावी एसटीतून उतरले आणि तो नाकात शिरला, तशी आधी सुखावले नि मग चपापले. कारण साखर कारखान्याचा वीज प्रकल्प बंद पडून काही वर्षं लोटली होती आणि त्या ओसाड आवारात बगॅस असण्याचं कारणच नव्हतं. म्हणजे आक्का फोनवर ओरडून सांगत होती ते खरं होतं. एका नव्या कंपनीनं प्रकल्प चालवायला घेतला होता. हंगामात बगॅस आणि एरवी दगडी कोळसा जाळून बारमाही वीज करायचा तिचा बेत होता. गावाचा त्याला विरोध होता, आणि दुसऱ्या दिवशी सरकारी साहेबांपुढे जनसुनावणी होती.

आक्का ही माझी थोरली जाऊ. तिचं घर आणि म्हशींचा गोठा चिमणीच्या वाऱ्याच्या अंगाला आहे. प्रकल्प चालू होता तेव्हा तिच्या कडब्यावर काजळीचा थर बसायचा, म्हशी तोंड फिरवायच्या आणि आक्का पेंढी पेंढी झटकत खोकत राहायची. प्रकल्प बंद पडला, खोकला थांबला. पण त्याच बॉयलरवर कामाला असलेला तिचा एकुलता एक मुलगा संभा बेकार झाला आणि इचलकरंजीला यंत्रमागावर गेला. आता तो सणावारी येतो, आणि आला की निम्मा वेळ झोपून काढतो. चिमणी पेटली तर संभा घरी येणार आणि काजळीही घरी येणार, असा तो सरळ हिशेब होता, आणि आक्काला दोन्हीचं उत्तर दुसऱ्या दिवशी भर मांडवात द्यायचं होतं.

संध्याकाळी कंपनीचा तरुण मॅनेजर पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्याकडे आला. कारखान्यात बॉयलर पेटवायचा तो पूजा करून, नवराबायकोच्या हातून. त्याला अग्निप्रदीपन म्हणतात. या प्रकल्पाचा पहिला अग्नी आमच्या जोडीनं दिला होता, हे त्यानं कुठून तरी शोधून काढलं होतं. माझे यजमान तिथले इंजिनिअर. "आज्जी, या वेळीही मान तुमचाच," तो म्हणाला. "आणि उद्या सुनावणीत दोन शब्द बोललात तर बरं होईल."

"अहो पावणं, पूजेला जोडीनं बसावं लागतंय," मी म्हटलं. "आमचे यजमान तर वर गेलेत. शेजारी तुम्ही बसताय व्हय?"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. आक्का गोठ्यातून म्हणाली, "बसा की! अंतरपाट मी धरते." पेढे मात्र आम्ही ठेवून घेतले, पेढ्यांचा काय दोष?

रात्री उशिरापर्यंत झोप आली नाही, आणि डोळ्यांपुढे त्या पहिल्या अग्निप्रदीपनातली बाई, म्हणजे मीच, येत राहिली, जी तेव्हा चाळिशीच्या अलीकडे होती आणि स्वतःला फार विदुषी समजत होती. पेठेतली, बी.ए. झालेली, कविता करणारी. अग्निप्रदीपनासाठी तिनं डाळिंबी पैठणी नेसली होती, नाकात उसनी नथ होती, आणि ती नथ टोचत असल्यामुळे चेहऱ्यावर आपोआप एक करुण गांभीर्य आलं होतं. लोकांना वाटलं, बाई भारावल्या. मंत्र झाले, पेटता पलिता भट्टीच्या तोंडात गेला, आत एक केशरी गर्जना झाली, आणि तिनं माइक हातात घेऊन या अग्नीला गावाचा दुसरा सूर्य म्हटलं. पहिला सूर्य त्या वेळी डोक्यावर तळपत होता आणि लोकांना जेवायची घाई झाली होती. तेवढ्यात वारा फिरला. काजळीचा भुरका खाली आला तो पैठणीवर, नथीवर आणि जिलेबीच्या परातीवर. बायका पदर झटकू लागल्या, तशी ही विदुषी म्हणते कशी, "भगिनींनो, ही काजळी नव्हे, प्रगतीला दृष्ट लागू नये म्हणून लावलेली तीट आहे!" टाळ्या पडल्या. यजमानांनी तेवढी मान खाली घातली. पैठणीवरचे डाग काही केल्या गेले नाहीत आणि उपमाही गेली नाही, आक्का कडबा झटकताना कित्येक वर्षं मला हाक मारायची, "ये गं धाकटे, तीट बघायला."

सुनावणीचा मांडव कारखान्याच्या आवारातच घातला होता. समोर टेबलामागे साहेब, डावीकडे गावातली माणसं, उजवीकडे नोकरीच्या आशेनं आलेली पोरं. पण ती पोरंही गावातलीच, त्यामुळे आया डावीकडे आणि लेक उजवीकडे अशी विचित्र मांडणी झाली होती. लोक बोलले, ओरडले, पाण्याचं बोलले, खोकल्याचं बोलले. आक्काचं नाव पुकारलं गेलं, तशी ती पदर खोचून उठली.

"माझा ल्योक घरला यायला पायजे," ती म्हणाली. उजवीकडून शिट्ट्या आल्या. "आनि ही चिमणी पेटाय नगं." आता डावीकडून टाळ्या.

"मावशी, एक काय ते सांगा," साहेब म्हणाले. "समर्थन की विरोध?"

"दोन्ही ल्हिवा की."

"दोन्ही कसं लिहिणार?"

"का? हात दुखतोय व्हय?"

मांडव हसला. आक्का हसली नाही. माइकच्या दांड्यावर तिची बोटं घट्ट आवळली होती, आणि हे तिनं गंमत म्हणून म्हटलेलं नाही हे हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं, तसं हसू दोन्ही बाजूंनी विरत गेलं. मग साहेबांनी माझं नाव घेतलं. मॅनेजरनं आशेनं खुर्ची पुढं सरकवली. बोलायला मला कधी कमी पडलेलं नाही. आदल्या रात्री दोन चांगली वाक्यंही सुचली होती. पण मी एवढंच म्हटलं, "जाऊबाईंनी सांगितलं तेच माझंही लिहा." साहेबांनी आम्हा दोघींच्या नावापुढे काहीतरी लिहिलं. काय ते वाचून दाखवलं नाही.

"एवढं शिकून माझंच म्हटलीस?" खाली बसताना आक्का पुटपुटली. "सोताचा मुद्दा न्हवता व्हय तुला?"

निकाल नंतर कळेल, असं सांगून साहेब गेले. आम्ही घरी आलो. दुपारचं ऊन अंगणात उतरलं होतं, म्हशी रवंथ करत होत्या आणि कडबा स्वच्छ, पिवळाधमक दिसत होता. तेवढ्यात संभाचा फोन आला. गावातल्या कुणीतरी त्याला अर्धवट काहीतरी कळवलं होतं. "आये, तू काय म्हटलीस तितं?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर आक्कानं त्याला उभा-आडवा घेतला असता. तिनं फोन माझ्या हातात दिला. "तूच सांग त्येला. तुला शब्द येत्यात."

मी फोन कानाला लावला. "काकी?" तो म्हणाला आणि थांबला. त्याच्या पाठीमागे मागांचा खडखडाट चालू होता. तो जरा ओसरला की बोलू, म्हणून मी थांबले होते, आणि पाळी संपल्याशिवाय माग थांबत नाहीत, हेही मला ठाऊक होतं.