बोलत पळायचं

नवऱ्याच्या छातीत स्टेंट बसला आणि वर्षभरात त्याला समुद्रकाठच्या मॅरेथॉनचं खूळ लागलं. अर्धीच, पण मॅरेथॉन. आमच्या दिल्लीच्या डॉक्टरांनीही एका अटीवर होकार दिला. "बात करते हुए दौड़िए. आवाज़ बंद, तो दौड़ बंद."

तेव्हा दिल्लीतल्या आमच्या द्वारका वसाहतीत निम्मे सेक्टर मातीचे ढिगारेच होते, पण रस्ते रुंद आणि रिकामे. तिथे आम्ही पहाटे सराव करायचो. तो बोलायचा, मी शब्द सोडून त्याचा दम ऐकायचे. विषय ठरलेला: पुढे चाललेल्या माणसांची मराठीतून यथेच्छ टिंगल. कुणाचं पोट, कुणाची माकडटोपी. इथे कुणाला कळतंय? दिल्लीत आयुष्य काढलं की ही खोड लागतेच. मी वरवर "पुरे रे" म्हणायचे, पण त्याची कुजकट बडबड सुरू झाली की माझा जीव भांड्यात पडायचा.

मॅरेथॉनच्या दिवशी कोकणातल्या त्या रस्त्यावर एका हाताला समुद्र होता, दुसऱ्या हाताला सुरूची झाडं. देखणं असेल, मी पाहिलंच नाही. सराव दिल्लीच्या कोरड्या थंडीतला, इथल्या दमट हवेत आम्ही दोघं निथळत होतो. तरी त्याचं तोंड चालू होतं. एका चढावर ते अचानक बंद पडलं.

"काय होतंय?"

त्याचा चेहरा लालबुंद.

"छातीत दुखतंय का?"

त्याने नुसती मान हलवली, हो की नाही तेही कळेना. मी दंड धरून त्याला थांबवलं. अँब्युलन्स कुठे उभी आहे, तेही मला ठाऊक नव्हतं. "अरे, बोल ना! काहीही बोल!" मी किंचाळलेच.

त्याने पुढच्या टकल्या गृहस्थाकडे डोळ्यांनी खूण केली आणि पुटपुटला, "यार, इथे सगळ्यांना कळतं. मी त्याच्या टकलावर बोललो आणि त्याने वळून बघितलं."

असा संताप आला! आणि रडूही. भर रस्त्यात मी त्याला फैलावर घेतलं. स्टेंट, डॉक्टर, अट, सगळं काढलं. भान आलं तेव्हा तो गृहस्थ थांबून ऐकत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो चार पावलं मागे आला. रुमालाने टक्कल पुसत मला म्हणाला, "वहिनी, घाबरू नका. मी ह्यांच्या पुढेच पळतो." मग नवऱ्याकडे वळला. "हं साहेब, टकलाचं कुठवर आलं होतं?"