गाडीचं गोडं पाणी

खारपाणपट्ट्यात विहिरी असतात, हापसे असतात, त्यांना पाणीही असतं. फक्त ते तोंडात धरवत नाही. मूर्तिजापूर सोडून दर्यापूरकडे वळलं की हा मुलूख लागतो. मी भातकुलीचा, त्यामुळे मला त्याचं नवल नव्हतं. तरी मे महिन्यात त्या रस्त्यावर गाडी घालायची म्हटलं की जिवावर यायचं. अजूनही येतं.

मी तेव्हा एका जुन्या ट्रकवर दुसरा ड्रायव्हर होतो. पहिला ड्रायव्हर अकोल्याचा, माझ्या बापाच्या वयाचा. त्याला मी चाचा म्हणायचो. पेरणीआधी खताच्या गोण्या गावोगाव पोचवायच्या, हे आमचं काम. ती वर्षं वाईट होती. गावात शिरताना एखाद्या दारापुढे मांडव दिसला, की तो लग्नाचा की तेरवीचा, हे विचारायची हिंमत व्हायची नाही. चाचा अशा घरापुढून हॉर्न न वाजवता गाडी काढायचा.

उन्हापासून जीव वाचवायचे त्याचे नियम ठरलेले होते. कानांवरून ओला दुपट्टा, खिशात कांदा, केबिनमधल्या तापलेल्या बॉनेटवर भिजवलेलं पोतं, आणि ऊन चढायच्या आत झाडाखाली. हे सगळं तो माझ्याकडून दटावून करून घ्यायचा. स्वतःला मात्र एकच नियम: आधी गाडी. खारं पाणी घातलं की रेडिएटरमध्ये आतून थर धरतो, म्हणून तो गाडीसाठी अकोल्याहून कॅनमध्ये गोडं पाणी भरून आणायचा. हट्टी माणूस. मला त्याचा तेव्हाही राग यायचा, आज जास्तच येतो.

त्या दुपारी गोण्या उतरवून आम्ही रिकामे अमरावतीकडे निघालो होतो. वाटेत रेडिएटरचा पाइप गळायला लागला. गाडीसाठी आणलेलं पाणी बघता बघता संपलं. मग चाचानं समोर लटकवलेली कापडी छागल सोडली. तीत आमचं प्यायचं पाणी होतं.

"चाचा, ते पाहा, वावरात विहीर दिसून राहिली. तेच टाकू ना गाडीत," मी म्हणालो.

"खारं टाकतं का बे? रेडिएटर सडून जाईन ना. गाडी पयले, मानूस मंग."

छागलीतलं पेलाभर त्यानं मला जबरदस्तीनं पाजलं आणि उरलेलं सगळं गाडीला. गळक्या पाइपला चिंध्या आवळल्या. मग स्वतः विहिरीवर गेला, ते खारं पाणी घटाघटा प्याला आणि तिथंच ओकला. परत आला तेव्हा माझ्याकडे बघून हसला.

गाडी मी चालवायला घेतली. भातकुलीच्या अलीकडे तो बोलायचा थांबला. मी त्याच्या कपाळाला हात लावला, तर तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. त्या कोरड्या कपाळाची मला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कशाची वाटली नाही. रस्त्याकडेच्या पहिल्या घरापाशी गाडी थांबवली. त्या लोकांनी त्याला सावलीत निजवलं, माठ त्याच्या डोक्यावर रिकामा केला. त्यानं डोळे उघडले.

"पानी पाजलं का?"

त्यालाच तहान लागली असं समजून मी पेला त्याच्या ओठांशी नेला. त्यानं हातानं तो बाजूला सारला आणि गाडीकडे बोट दाखवलं.

अमरावतीच्या दवाखान्यात पोचायच्या आतच तो गेला.

मी अजून ट्रक चालवतो. आता आधी मी पितो, गाडी नंतर. पण पहिला घोट घेताना डाव्या सीटकडे बघत नाही. तो तिथं बसलेला असतो. मी त्याच्याशी भांडतो, शिव्यासुद्धा देतो, आणि भांडून झालं की मला रडू येतं. लोक विचारतात, त्याची आठवण येते का? आठवण यायला माणूस आधी जावा लागतो.

पुढे मालकानं ती गाडी भंगारात काढली. ती पोचवायला मीच गेलो. भंगारवाल्यानं रेडिएटर खोलून आत बोट फिरवलं आणि खूश झाला.

"लय साफ हाये भाऊ. कोनं सांभायलं एवढं?"

त्यानं तो रेडिएटर भंगारात टाकला नाही. दुसऱ्या कुठल्या गाडीला बसवायला म्हणून बाजूला ठेवला.