आज पान्यांना सुट्टी

सुपरकारच्या कारखान्यात नोकरी करतो म्हटलं की पुण्याचे नातेवाईक विचारतात, "मग गाडी चालवायला मिळते का रे?" गाडी कसली! मिळतात ते किस्से. बेल्जियमच्या सीमेलगत, आइंडहोव्हनजवळच्या आमच्या छोट्या डच कारखान्यात दुपारी बाराला सगळे थंड ब्रेड आणि चीज घेऊन एकाच लांब टेबलाशी बसतात. जेवण गार, तेव्हा तोंडी लावायला गरम काहीतरी हवंच! सतरा वर्षं मी ते किस्से गोळा करतोय. त्यातले काही खरे आहेत. बाकीचे माझे आहेत.

*

आमच्याकडे गाडी बनवणारा प्रत्येक जण सायकलने येतो. मालकीणबाई मार्लूससुद्धा. पुढच्या टोपलीत बटाटे!

एकदा एक बडं गिऱ्हाईक आलं. सायकलींची रांग पाहून थबकलं. सेल्सच्या रुबेनला म्हणालं, "तुमचा स्वतःच्या गाडीवर विश्वास नाही का?"

रुबेन म्हणजे वाळवंटात हीटर विकणारा माणूस. म्हणाला, "सर, सगळ्या विकल्या जातात हो. आम्हाला उरतच नाहीत!"

गिऱ्हाइकाने दोन बुक केल्या. एक कमी पडायला नको म्हणून.

*

आता विमची ओळख करून देतो, कारण पुढे सगळं त्याच्याभोवतीच आहे. विम म्हणजे आमचा इंजिन बांधणारा. बारा सिलिंडरचं अख्खं इंजिन एकटा हाताने जुळवतो आणि शेवटी त्यावर स्वतःच्या सहीची पितळी पट्टी ठोकतो. कारखान्याची ही जुनी रीत. इंजिन चालू झालं की हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. मग सांगतो, "सातवा जरा सैल आहे."

एकदा मी धापा टाकत जिना चढून आलो. विमने तो स्क्रूड्रायव्हर माझ्या छातीला लावला. "आयडलिंग बरोबर नाही. डॉक्टरला दाखव."

घाबरून हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेलो. त्याने स्टेथोस्कोप लावला, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, "पॅरासिटामॉल घ्या."

विमने निदान एखादा स्क्रू तरी पिळला असता!

*

युरोपात छोट्या कारखान्यांना धुराच्या नियमांतून थोडी सूट मिळते. पण गाड्या ठरावीक आकड्यापुढे गेल्या की सूट गेली, मोठ्यांचे नियम लागू. आमच्याकडे ही काळजी वाहायला शुभदा आहे. मूळची साताऱ्याची, चाकणला नोकरी करून इथे आली. इंजिनाला पेट्रोल किती, हवा किती, हे कॉम्प्युटरवर बसवणं हे तिचं काम.

एका दुपारी रुबेन नाचत आला. "अजून एक विकली!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शुभदा मात्र कुणीतरी गेल्यासारखी मटकन बसली.

"आकडा ओलांडलास, रुबेन! तुला म्हटलं होतं ना, हात जोडते, विकू नकोस!"

"अगं, मी सेल्समध्ये आहे!"

"मग आजारी पडायचं!"

जगात फक्त आमच्याच कंपनीत सेल्समनला विक्रीबद्दल शिव्या बसल्या असतील.

*

त्याच आठवड्यात मार्लूसबाईंनी सगळ्यांना बोलावलं. बाई सरळ बोलतात, डचच त्या. "बारा सिलिंडर नव्या नियमात बसले तर ठेवू. आधी आपल्याच कारखान्यात दोन चाचण्या, मग सरकारी टेस्ट. तिथे नापास झालो तर बाहेरून आठ सिलिंडरचं तयार इंजिन आणायचं. मग विमची इंजिन बांधायची खोली रिकामी, तिथे बॅटऱ्या ठेवू."

विम हातातल्या फडक्याची घडी करत राहिला.

जिन्यात शुभदा मला म्हणाली, "दादा, चाकणला मी तीन सिलिंडरवाल्या गाड्या बसवायचे. बारासाठी इथवर आले. आता आठवर उतरणार नाही. बारा म्हणजे बारा!"

"आणि नियम?"

"नियमात बसवून बारा!"

पोरीचा आवाज ऐकून मी दोन पायऱ्या मागे सरकलो.

*

तिने मग इंजिनाच्या जोडीला इलेक्ट्रिक मोटर बसवली. शहरात गाडी विजेवर चालणार, हायवेला बारा सिलिंडर गरजणार. मांजर आणि वाघ एकाच कातड्यात!

रुबेन एका जुन्या गिऱ्हाइकाला आतल्या रस्त्यांनी चक्कर मारायला घेऊन गेला. म्हातारबुवांना आमच्या इंजिनाच्या गर्जनेचं वेड. सीटवर बसले, डोळे मिटले, वाट बघू लागले. बराच वेळ गेला. शेवटी कंटाळून म्हणाले, "अहो, चालू करा ना आता!"

रुबेन म्हणाला, "सर, आपण केव्हाच बेल्जियममध्ये पोचलोय!"

*

घरची पहिली चाचणी. गाडी रोलरवर चढवली, मागे धूर मोजायचं यंत्र जोडलं. नापास! थोडक्यात, पण नापास.

शुभदाने आठवडाभर आकडे तपासले. चूक सापडेना. दुसरी चाचणी. पुन्हा नापास!

तेव्हा तिने इंजिनाचं झाकणच उघडलं. टॅपेटच्या, म्हणजे झडपांची फट ठरवणाऱ्या प्रत्येक स्क्रूवर, सेटिंग हललं तर कळावं म्हणून, तिने पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारली होती. चार रेघा तुटल्या होत्या.

"विम! तू हात लावलास?"

विम जमिनीकडे बघत म्हणाला, "सकाळी लवकर आलो होतो. खडखडत होतं. केसभर फिरवलं फक्त."

"ते तुझ्या कानाला खडखडत होतं! मशीनला सगळं बरोबर होतं!"

"मशीन किती वर्षांचं आहे?"

"तीन."

"हा कान एकसष्ट वर्षांचा आहे."

आयुष्यभर कानावर इंजिनं बांधलेला माणूस. आपली खोली वाचावी म्हणून रोज पहाटे येऊन, जीव ओतून, तीच खोली बुडवत होता! शुभदाने स्क्रू पुन्हा जागच्या जागी आणले आणि हात लावू नको असं तीनदा सांगितलं. तीनही वेळा त्याने मान डोलावली. पण खडखड ऐकू आली की विमचा हात विमचा राहत नाही.

*

सरकारी टेस्टच्या दिवशी सकाळी सहाला शुभदाचा फोन. "दादा, लगेच या. सोवळं नको, पण अंघोळ करून या."

पोचलो तर विमच्या खोलीत टेबलावर पांढरं कापड. त्यावर विमचे सगळे पाने, पक्कडी, फट मोजायच्या फीलर गेजच्या पट्ट्या आणि मधोमध तो हातभर स्क्रूड्रायव्हर, सगळं लख्ख पुसलेलं. प्रत्येकाला हळदकुंकू. वर ट्यूलिपची फुलं! शेजारी विम, टोपी काढून उभा.

शुभदा त्याला समजावत होती, "आमच्याकडे वर्षातून एकदा अवजारांची पूजा करतात. खंडेनवमी, नवरात्राच्या नऊ दिवसांतला शेवटचा दिवस. वर्षभर ती आपल्यासाठी राबतात ना, म्हणून त्या दिवशी त्यांना विश्रांती. पूजा झाली की उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही."

विमने विचारलं, "आणि खडखडलं तर?"

"तर देव ऐकेल."

मग माझ्याकडे वळून, "दादा, मंत्र!"

मला ऐन वेळी काही आठवेना. सकाळी साडेसहाला मी ठणठणीत आवाजात शुभंकरोति म्हटलं. शेवटी पाढेही घातले. तेरापर्यंत.

विमने डोळे पुसले. म्हणाला, "चाळीस वर्षांत या अवजारांना कुणी थँक यू म्हटलं नव्हतं."

गाडी टेस्टला गेली. इंजिन सुरू झालं तेव्हा मलासुद्धा खडखड ऐकू आली! विम काचेमागे दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसला होता. कपाळावर घाम. पण उठला नाही.

पास! बाराच्या बारा सिलिंडर पास!

सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. मी शुभदाला बाजूला घेतलं. "काय गं, खंडेनवमी दसऱ्याच्या आदल्या दिवशी ना? आज तर एप्रिल आहे!"

"दादा," ती शांतपणे म्हणाली, "तेरापर्यंत पाढे कुठल्या पूजेत असतात?"

*

बारा सिलिंडर नियमात बसले ही बातमी पसरली आणि ऑर्डरींची रांगच लागली. जुलैत एका सकाळी रुबेन कागदांची चळत घेऊन विमच्या खोलीत शिरला. मी तिथेच कॉफी पीत होतो.

"विम, आठवड्याला एक इंजिन पुरणार नाही. दोन हवीत! कानबिन राहू दे, सही नंतर कर. नुसतं जुळव आणि पाठव!"

विमने सगळं ऐकून घेतलं. हातातला पाना फडक्याने पुसला आणि टेबलावर ठेवला. त्याच्याशेजारी दुसरा ठेवला, मग तिसरा. खण उघडून पांढरं कापड काढलं, शुभदाने दिलेला कुंकवाचा करंडा काढला. खिडकीतल्या कुंडीतली फुलं खुडली. एकेका अवजाराला टिकली लावली, फूल वाहिलं, टोपी काढली आणि हात जोडले.

रुबेनने माझ्याकडे बघितलं. मी कॉफीत बघितलं.

"बरं बरं," रुबेन म्हणाला, "शुभदाने सांगितलंय मला. एक दिवस सुट्टी ना? उद्यापासून दोन इंजिनं?"

विमने एक डोळा उघडला.

"नऊ दिवस," तो म्हणाला. "नवरात्र बसलंय."